प्रिन्स ऑफ पर्शिया (१९८९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकात ज्यांच्या हाताला डॉसवाला (म्हणजे विंडोजच्या आधीचा, हुकूम टाइप करून चालवायचा) कॉम्प्युटर लागला, त्यांना नुसतं 'प्रिन्स' म्हटलं तरी पुरतं. डेव्ह, पॅराट्रूपर आणि प्रिन्स ही गेमची तिकडी बहुतेक सगळ्या कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर असायची. त्यातला प्रिन्स दिसायला सगळ्यांत देखणा आणि हाताळायला सगळ्यांत अवघड. आज तो पुन्हा लावून बसणारे, किंवा मुलांना दाखवू बघणारे, मला जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं मोठी झाली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

हा नेमका कोणता प्रिन्स?

जॉर्डन मेकनर यांनी अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी लिहिलेला आणि ब्रोडरबंड कंपनीने १९८९च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बाजारात आणलेला मूळ खेळ. आपल्याकडे शाळेत, क्लासमध्ये किंवा ओळखीच्या कुणाच्या तरी ऑफिसात जो चालायचा, तो त्याचाच १९९०चा डॉस अवतार. २००३ साली युबिसॉफ्टचा जो त्रिमितीय खेळ आला तो वेगळा, त्याबद्दल इथे काही नाही. खालच्या सगळ्या कळा आणि युक्त्या डॉसच्या आहेत.

गोष्ट काय आहे?

सुलतान लढाईवर गेलेला आहे. मागे राहिलेला वजीर जाफर राज्य बळकावतो आणि राजकन्येला सांगतो, एका तासात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाही तर मर. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो परका तरुण तळघरात कैद आहे. तो म्हणजे आपण. गंमत अशी की हा सुरुवातीला प्रिन्स नाहीच. त्याला नावही नाही. वजीर मात्र आपल्याला बुद्धिबळाच्या पटावरून चांगला ओळखीचा. सुलतान, वजीर, कैद, तलवार, दरवाजा, शिपाई हे सगळे शब्द मराठीत मुरलेले असल्यामुळे ही गोष्ट आम्हा पोरांना कुणी समजावून सांगावी लागली नाही. इंग्रजीतली सुरुवातीची पाटी वाचता येत नव्हती तेव्हाही वाळूचं घड्याळ पाहून सगळं कळायचं.

इतक्या जुन्या खेळातला माणूस इतका खराखुरा कसा हलतो?

कारण तो खऱ्या माणसावरून काढलेला आहे. मेकनरने १९८५मध्ये व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि धाकटा भाऊ डेव्हिड याला एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला, भिंतीच्या कडेला लटकून वर चढायला लावलं. अंगात पांढरे ढगळ कपडे. खेळातल्या नायकाचा पांढरा वेष तिथलाच.

पुढचं काम किती चिकाटीचं होतं हे लक्षात घेतलं की त्या आकृतीकडे बघण्याची नजर बदलते. टेप टीव्हीवर लावायची, एकेका चित्रावर थांबवायची आणि त्या पडद्याचा साध्या रोलच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा. रोल धुऊन प्रिंट काढायचे. प्रिंटवर माणसाची आकृती काळ्या मार्करने आणि खोडायच्या पांढऱ्या शाईने उठावदार करायची. त्याच्या झेरॉक्स काढून ओळीने चिकटवायच्या. मग तो कागद एका कॅमेऱ्यासमोर धरून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा आणि ठिपक्या-ठिपक्याने साफ करायचा. स्कॅनर हा शब्दही ज्या काळात घरोघरी पोचला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. खालचं यंत्र तर एक मेगाहर्ट्झचं.

तलवारबाजीसाठी भाऊ उपयोगाचा नव्हता, त्याला तलवार येत नव्हती. तेव्हा मेकनरने १९३८च्या रॉबिन हूडच्या इंग्रजी चित्रपटातली एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांची शेवटची लढत शोधली. तीत काही सेकंद दोघे अगदी बाजूने दिसतात, मध्ये काही आड येत नाही. तेवढ्यावरून वार, अडवणं, पुढे सरकणं, मागे हटणं हे सगळं उचललं. राजकन्येच्या हालचाली ब्रोडरबंडमधल्या एका सहकाऱ्याच्या मुलीवरून घेतल्या. आणि संगीत मेकनरच्या वडिलांचं. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. डॉसच्या पिंपिं वाजणाऱ्या स्पीकरवरही ती सुरुवातीची धून ओळखू यायची आणि अजूनही कानात आहे.

सगळं मिळून साधारण चार वर्षं गेली.

मग तो हाताळायला इतका जड का? कळ दाबली तरी ऐकत का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. 'दिसायला भारी, पण कंट्रोल बेकार' असं एका वाक्यात निकालात काढणारेही खूप. माझं म्हणणं असं की हे दोन वेगळे गुणदोष नाहीतच. ज्या कारणाने तो सुंदर दिसतो, त्याच कारणाने तो लगेच ऐकत नाही.

डेव्हसारख्या खेळात आकृती म्हणजे एक चौकट. उजवी कळ दाबली की चौकट उजवीकडे, सोडली की थांबली. हवेत असतानाही दिशा बदलता येते. प्रिन्समध्ये प्रत्येक हालचाल म्हणजे ठरावीक क्रमाने लागणाऱ्या चित्रांची माळ. उभं राहण्यापासून पळण्यापर्यंत जायला मधली चित्रं लागतात, पळताना वळायला पाय घसरवत थांबण्याची चित्रं लागतात, उडीनंतर गुडघे वाकवून उठण्याची चित्रं लागतात. माळ सुरू झाली की मधेच तोडता येत नाही. त्यातून डॉसवर हा खेळ सेकंदाला साधारण बाराच चित्रं दाखवतो. म्हणजे चार चित्रांची हालचाल म्हटली तरी सेकंदाचा तिसरा हिस्सा गेला. तेवढ्यात गडी खड्ड्यात.

एक बारीक गोष्ट सांगतो, ती कळल्यावर माझा खेळ सुधारला. पळण्याचं चक्र आठ चित्रांचं आहे. आपण कळ सोडली की तो ताबडतोब थांबायला लागत नाही. त्या आठांपैकी दोनच चित्रं अशी आहेत की जिथून थांबण्याची माळ सुरू होऊ शकते. चुकीच्या क्षणी कळ सोडली तर तो पुढच्या योग्य चित्रापर्यंत पळतच राहतो, आणि मग घसरत थांबतो. आपणही पळताना असेच असतो, पाय हवेत असताना कुणी थांबत नाही.

आमच्या गावातल्या क्लासमध्ये शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं गेम खेळायला मिळायची. माझा मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणायचो, माझ्या मागे उभा राहून एकच सांगायचा, 'अरे थांब, पाऊल टेकू दे, मग दाब.' मी कळा बडवत असायचो. एके दिवशी त्याचं ऐकलं आणि पहिल्यांदा लेव्हल एकचं दार उघडलं. दादाला आतलं गणित माहीत असायचं काही कारण नव्हतं, त्याने ते नुसतं बघून बघून ओळखलं होतं.

तेव्हा कळ थोडी आधी दाबायची, हालचाल पुरी होऊ द्यायची आणि मग पुढची. घाईने दोन-तीन कळा एकदम दाबल्या तर त्यातली कुठली पकडली जाईल याचा नेम नाही.

खेळ आपल्याला काहीच मदत करत नाही का?

करतो, आणि हे फार जणांना ठाऊक नाही. पळत येऊन उडी मारताना तुम्ही वरची कळ दाबलीत की खेळ पुढच्या एक-दोन फरश्यांपर्यंत कड कुठे आहे ते बघतो आणि गड्याला किंचित पुढेमागे सरकवून बरोबर कडेवरून उडवतो. म्हणून अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं नाही. थोडं आधीच वरची कळ दाबून धरली तर उडी बहुतेक वेळा बिनचूक निघते. मात्र पळायला सुरुवात केल्या केल्या उडी निघत नाही, आधी दोन-चार पावलांचा वेग घ्यावा लागतो. अपुऱ्या जागेतून धाव घेतली की म्हणूनच पडायला होतं. मागे जाऊन पुरेशी जागा घ्या.

कळा कोणत्या?

डावी-उजवी कळ म्हणजे पळणं. वरची म्हणजे जागच्या जागी उडी, आणि वर कड असली तर ती पकडणं. वरची आणि दिशेची एकत्र दाबली की पुढे उडी. खालची म्हणजे बसणं. कडेवरून खाली उतरायचं तर खड्ड्याकडे तोंड करून नाही, पाठ करून उभं राहायचं आणि मग खालची कळ दाबायची. हे न कळल्यामुळे निम्मे लोक पहिल्याच तळघरात उड्या टाकून जीव देतात.

शिफ्ट ही सगळ्यांत कामाची. शिफ्ट धरून दिशेची कळ दाबली की एकच सावध पाऊल. कडेला लटकलेलं राहायचं तर शिफ्ट धरून ठेवायची, सोडली की हात सुटतो. पडता पडता समोरची कड पकडायची तरी शिफ्टच. जमिनीवरची तलवार किंवा कुपी उचलायलाही शिफ्ट, आणि लढाईत वारही त्याच कळेने.

स्पेस दाबली की किती मिनिटं उरली ते दिसतं. एस्केपने खेळ थांबतो. कंट्रोल आणि ए एकत्र दाबलं तर चालू लेव्हल पहिल्यापासून.

कडेवरून सारखा पडतो. काय करू?

पळू नका. कडेच्या जवळ आल्यावर शिफ्ट धरून एकेक पाऊल टाका. कड एका पावलाहून जवळ असेल तर तो पाऊल आपोआप आखडतं घेतो आणि नेमका कडेवर उभा राहतो. अजून एकदा दाबलंत तर तो पडत नाही, पाय पुढे करून समोरची पोकळी चाचपतो आणि मागे घेतो. त्यानंतरही दाबलंत तर मात्र जातो. ते चाचपणं एकदा नीट बघा. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी शोधावी तसा तो पाय हलतो. एवढ्याशा हालचालीसाठी त्या माणसाने वेगळी चित्रं काढली, वेगळी जागा खर्च केली, जेव्हा त्या यंत्रात एकेका अक्षराएवढ्या जागेची मारामार होती. मला या सबंध खेळात सगळ्यांत आवडणारी जागा हीच.

कडेवर असं नेमकं उभं राहिलात की तिथून मारलेली उभी उडीही लांब पडते, कारण एक इंचही वाया जात नाही.

पडल्यावर कधी वाचतो, कधी मरतो. नियम काय?

एक मजला पडलात तर काही होत नाही. दोन मजले पडलात तर एक जीव जातो. तीन मजले पडलात की संपलं. सुरुवातीला तीन जीव असतात, खाली डाव्या कोपऱ्यात तांबडे त्रिकोण दिसतात ते. उंचावरून उतरताना लटकून मग हात सोडला तर पडायचं अंतर कमी होतं, हे लक्षात ठेवा.

काही फरश्या पायाखालून निसटतात. त्या आधी कशा ओळखायच्या?

जागच्या जागी उडी मारा. त्या ओळीतल्या सैल फरश्या खडखडतात. आवाजही येतो आणि हललेली फरशी दिसतेही. सैल फरशीवर पाय ठेवलात तर थांबायचं नाही, सरळ पुढे जायचं, ती पडायला क्षणभर घेते. डोक्यावरची सैल फरशी खालून उडी मारून पाडता येते आणि बहुतेक वेळा वर जायची वाट तिथूनच असते. पाडल्यावर बाजूला व्हा, डोक्यात पडली तर एक जीव गेला.

जमिनीतले सुळे आणि मिटणारी पाती?

सुळ्यांतून पळत गेलात किंवा त्यांच्यावर उडी पडली तरच ते मारतात. शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकत गेलात तर मधून आरामात जाता येतं.

पात्यांचं तसं नाही. वरचं आणि खालचं पातं कात्रीसारखं मिटतं, उघडतं. सावध पावलांनी त्यांच्या अगदी जवळ जा, मिटू द्या, आणि उघडायला लागताच निघा. दोन-तीन पाती ओळीने असतील तर एकेक करून. इथे धाडस दाखवण्यात काही अर्थ नाही. माणूस दोन तुकडे होऊन पडलेला आमच्या क्लासमधल्या लहान मुलांना बघवायचा नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पहिल्या शिपायाने एका फटक्यात मारलं. असं का?

तुमच्याकडे तलवार नव्हती. हातात तलवार नसताना शिपायाचा एक वार म्हणजे मरण, मग तीन जीव असले तरी. तलवार त्याच तळघरात एका कोपऱ्यात पडलेली आहे. आधी ती शोधा, मग त्याच्यापुढे जा.

लढायचं कसं?

बहुतेक लोक शिफ्ट बडवतात आणि मरतात. लढाई म्हणजे संभाषणासारखी आहे, समोरच्याचं ऐकून मग बोलायचं. त्याने वार काढला की वरची कळ, म्हणजे अडवणं. टणकन आवाज आला की लगेच शिफ्ट. तो अडवेल, परत मारेल, तुम्ही परत अडवा. अशा दोन-तीन फेऱ्यांत कुणाची तरी लय चुकते. मागे हटायला मागची कळ आहे, तिची लाज बाळगू नका. थोडं मागे जाऊन त्याला पुढे येऊ द्यावं आणि तो टप्प्यात पाऊल टाकत असतानाच वार करावा, हा मला सगळ्यांत भरवशाचा मार्ग वाटतो. मागे कड असेल तर मात्र जपून. तसंच शिपायालाही ढकलत नेऊन खाली पाडता येतं.

तिसऱ्या लेव्हलवरचा सांगाडा तलवारीने मरतच नाही. कितीही वार करा. त्याला रेटत कडेपर्यंत न्या आणि पाडा. तो पहिल्यांदा जमिनीवरून उठून उभा राहतो तेव्हाची धडधड अजून आठवते.

खालची कळ दाबली की तलवार म्यान होते. चालू लढाईत हे चुकून केलंत तर मेलात. पण एका ठिकाणी तीच कळ तुम्हाला वाचवते, पुढे बघा.

कुप्यांचे रंग काय सांगतात?

छोटी तांबडी एक गेलेला जीव परत देते. मोठी तांबडी एक जीव कायमचा वाढवते, तिच्यासाठी वाट वाकडी करून जावं. निळी पिऊ नका, जीव जातो. हिरव्या दोन ठिकाणी भेटतात. सातव्या लेव्हलमधली प्यायल्यावर तुम्ही पिसासारखे अलगद खाली तरंगता. नवव्यातली सगळा पडदाच उलटा करते.

आमच्या क्लासचा मॉनिटर रंगीत नव्हता. बुडबुडे सगळे सारखेच दिसायचे, त्यामुळे कुठली कुपी कुठल्या खोलीत आहे हे वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढून लिहून ठेवलं होतं. तुमच्याकडे रंगीत पडदा आहे, तुम्हाला वहीची गरज नाही.

पहिली लेव्हल संपल्यावर अक्षरं लिहिलेल्या कुप्यांची खोली आली. हे काय?

हे चोरीच्या कॉपीपासून संरक्षण. खेळासोबत छापील पुस्तिका यायची. पडद्यावर पान, ओळ आणि शब्दाचा क्रमांक येतो, त्या शब्दाचं पहिलं अक्षर असलेली कुपी प्यायची. चुकीची चालत नाही. आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरलेल्या बहुतेक कॉपींमधून ही खोली कुणीतरी आधीच काढून टाकलेली असायची, म्हणून पुष्कळ जण तिला आज पहिल्यांदा बघतात.

आरशातून निघालेली ती सावली काय आहे? (पुढचं गुपित फुटू द्यायचं नसेल तर हे उत्तर वाचू नका)

चौथ्या लेव्हलमध्ये बाहेर जायचं दार उघडून परत येताना वाटेत अचानक एक आरसा उभा असतो. वळसा नाही. पळत येऊन सरळ त्यात उडी मारायची. तुम्ही पार होता, एकच जीव उरतो, आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने तुमच्यासारखीच एक लकाकणारी आकृती बाहेर पडून निघून जाते. पाचव्या लेव्हलमध्ये ती तुमच्यासमोर मोठी कुपी पिऊन टाकते. सहाव्यात तुम्ही खड्ड्यापलीकडे उडी मारणार तोच ती बटणावर पाय ठेवून गेट पाडते आणि तुम्ही खाली जाता. तिथे निराश होऊ नका, तुमचं काही चुकलेलं नाही. सातव्या लेव्हलचा रस्ता त्या पडण्यातूनच आहे.

बाराव्यात ती तलवार काढून समोर उभी राहते. तिला मारलेला प्रत्येक वार तुम्हाला लागतो. मी कित्येक शनिवार इथे घालवले. उत्तर असं की खालची कळ दाबायची, तलवार म्यान करायची. तीही करते. मग तिच्याकडे चालत जायचं आणि दोघे एक होतात. त्यानंतर समोर मोठी पोकळी दिसते. त्यात पळत जा. जिथे पाय पडेल तिथे फरशी उगवते.

या सावलीचा जन्म अडचणीतून झालेला आहे. मेकनरच्या मनात मुळात लढाया नव्हत्याच. फक्त सापळे आणि धावणं. त्याची ब्रोडरबंडमधली सहकारी टोमी पियर्स वारंवार सांगत होती की याला कुणी प्रतिस्पर्धी हवा. पण अ‍ॅपल टूच्या मेमरीत दुसऱ्या माणसाची चित्रं मावायला जागाच उरली नव्हती. तेव्हा नायकाचीच चित्रं घेऊन, ती किंचित सरकवून स्वतःवरच उलटसुलट चढवली, आणि त्यातून चमचमणारी भुतासारखी आकृती तयार झाली. नव्या चित्रांची गरजच नाही. जागा नव्हती म्हणून नायकाचा शत्रू नायकच झाला, आणि खेळातली सगळ्यांत खोल गोष्ट तिथून निघाली. शिपाई त्यानंतर आले, आणखी काटकसर करून.

आठव्या लेव्हलमध्ये अडकलो. गेट बंद, बटण दिसत नाही.

थांबा. खरंच फक्त थांबा. एक पांढरा उंदीर येईल, बटणावर पाय ठेवेल आणि गेट उघडेल. राजकन्येने पाठवलेला आहे तो. सगळीकडे घाई करायला लावणाऱ्या खेळात हे एकच ठिकाण असं, जिथे काही न करणं हेच करायचं असतं.

सेव्ह होतो का? चीट आहे का?

तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह होतो, कंट्रोल आणि एल दाबून पुन्हा उघडतो. वेळही तेवढीच उरलेली असते, त्यामुळे उधळपट्टी करून सेव्ह केलीत तर उधळपट्टीच सेव्ह झाली.

शिफ्ट आणि एल दाबलं तर पुढची लेव्हल येते, पण हे चौथ्यापर्यंतच चालतं, आणि उरलेली वेळ एकदम पंधरा मिनिटांवर येते. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत प्रिन्स लिहून पुढे मेगाहिट हा शब्द इंग्रजीत टाकून खेळ सुरू केला की सगळे चीट खुले होतात. १.४ या आवृत्तीत तोच शब्द इम्प्रूव्ह्ड असा आहे. माझं मत विचाराल तर एकदा तरी चीट न वापरता चौथ्यापर्यंत जा, मग हवं ते करा.

कुठली आवृत्ती खेळू?

लहानपणची आठवण हवी असेल तर डॉस, दुसरा विचार नको. १९९२ची मॅकची आवृत्ती जास्त रेखीव आहे आणि तिथे नायकाच्या डोक्यावर फेटा आहे. जपानमधून आलेल्या सुपर निन्टेंडोच्या आवृत्तीत बाराऐवजी वीस लेव्हल आणि साठऐवजी एकशेवीस मिनिटं आहेत. तिची चित्रं डोळे दिपवणारी आहेत, पण मला तिथली गर्दी थोडी जास्त वाटते. मूळ खेळातल्या त्या रिकाम्या काळ्या भिंती आणि एखादीच मशाल यात जे एकटेपण आहे, ते तिथे हरवतं.

आजच्या कॉम्प्युटरवर चालेल का?

डॉसबॉक्स (आजच्या कॉम्प्युटरवर डॉसचे खेळ चालवणारा प्रोग्रॅम) टाकून छान चालतो. शिवाय डॉसची आवृत्ती उकलून लिहिलेला एसडीएलपॉप नावाचा मुक्त प्रकल्प आहे, तो आजच्या विंडोज आणि लिनक्सवर थेट चालतो. लॅपटॉपवर खेळत असाल तर अ‍ॅरोच्या कळा मोठ्या असलेला वेगळा कीबोर्ड जोडा. लॅपटॉपच्या अर्ध्या उंचीच्या कळांवर वर आणि पुढे एकत्र दाबताना बोट घसरतं आणि दोष खेळाला दिला जातो. मोबाइलच्या काचेवर तर हा खेळ खेळूच नये असं मला वाटतं. शिफ्ट धरून ठेवण्यात जे आहे, कड हातात धरल्याची ती भावना, ती काचेवर येत नाही.

बाजारात आल्या आल्या गाजला का?

नाही. १९८९पर्यंत अ‍ॅपल टूचे दिवस संपत आले होते, त्यामुळे अमेरिकेत सुरुवातीला फार कुणी विकत घेतला नाही. जपान आणि युरोपातल्या आवृत्त्यांनी आणि नंतर मॅकने त्याला तारलं.

मूळ कोड बघायला मिळतो असं ऐकलं. खरं?

खरं आहे. अ‍ॅपल टूचा कोड हरवला असंच मेकनर धरून चालला होता. २०१२मध्ये वडिलांच्या घरातल्या कपाटात एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या डिस्क वाचण्यातल्या जाणकारांनी त्या उघडून दिल्या आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला गेला. सगळा अ‍ॅपल टूच्या ६५०२ या प्रोसेसरच्या असेंब्ली भाषेत, म्हणजे थेट यंत्राशी बोलणाऱ्या भाषेत. ती येत नसली तरी अधूनमधून त्याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा वाचाव्यात.

साठ मिनिटांत खरंच पुरा होतो का?

होतो, पण पहिल्या दहा प्रयत्नांत नाही. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, घड्याळ मात्र मागे जात नाही. म्हणून आधी वेळेची फिकीर सोडून एकेक लेव्हल पाठ करा. कुठलं गेट कुठल्या बटणाने उघडतं, किती वेळ उघडं राहतं, कुठून पळत निघायचं. मग पहिल्यापासून सुरू करा. चौथ्या लेव्हलच्या आरशाशी पोचाल तेव्हा स्पेस दाबून बघा. पन्नासच्या आसपास मिनिटं उरलेली असतील तर खेळत राहा. चाळिशीच्या खाली गेला असाल तर कंट्रोल आणि आर दाबून नव्याने सुरू करा. आणि शेवटी जाफरसमोर उभे राहिलात की वार आधी करू नका. तो चांगला लढतो. त्याला येऊ द्या, अडवा, मग मारा.